मेंदूचे चित्र आणि मनाचा रोग : वैद्याने काय वाचावे, काय वाचू नये

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक शेतकरी गृहस्थ आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. सोबत मुलाचे चुलते होते आणि त्यांच्या काखेत एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा होता. मुलगा सहा महिन्यांपासून कोणाशी बोलेनासा झाला होता. तो रात्र रात्र जागत असे, आणि शेजारीपाजारी आपल्याविषयीच कुजबुजतात अशी त्याची पक्की खात्री झाली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली होती व थोडा उतारही पडला होता. पुढे नातलगांच्या आग्रहावरून घरच्यांनी उसनवारी करून मेंदूचे चित्रण करून घेतले होते.

वडील म्हणाले, "डॉक्टर, मशीनमध्ये काहीच निघालं नाही. सगळं नॉर्मल आहे. मग गोळ्या कशाला? पोरगं सोंग करतंय असं चुलता म्हणतो."

आम्ही फिल्म प्रकाशाकडे धरली, अहवाल वाचला आणि म्हणालो, "अहवाल चांगला आहे." मग निद्रेसाठी व मनाच्या स्वास्थ्यासाठी औषधयोजना करून दिली. चालू गोळ्यांविषयी आम्ही काहीच बोललो नाही. त्याच संध्याकाळी घरच्यांनी त्या बंद केल्या. पाच आठवड्यांनी, अन्नात विष कालवले आहे या समजुतीने मुलगा रात्री घर सोडून गेला आणि तीन दिवसांनी परजिल्ह्यातील एका रेल्वे स्थानकावर उपाशी अवस्थेत सापडला.

आमचे वाक्य खोटे नव्हते, पण ते अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाची किंमत रुग्णाने मोजली. यास्तव मेंदूचे चित्रण म्हणजे काय, मनोविकारांविषयी त्याने आजवर काय शिकवले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा आम्ही त्यानंतर जो अभ्यास केला, तो वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहोत.

चित्रणाच्या पद्धती

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. तथापि कवटीच्या आतील मृदू मेंदू क्ष-किरणांच्या साध्या छायाचित्रात दिसत नसे. ही अडचण १९७१ साली दूर झाली. इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर त्या वर्षी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडावयाचे आणि संगणकाने त्यांचा हिशेब मांडून मेंदूचा आडवा छेद उभा करावयाचा, असे हे तंत्र आहे. त्याबद्दल हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याचे हायड्रोजन अणुकेंद्र रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून चित्र तयार होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली अशी पहिली चित्रे प्रसिद्ध केली. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. सीटी व साधे एमआरआय या दोन्ही पद्धती मेंदूची रचना दाखवितात. घराचा नकाशा पाहून घरात कोण भांडत आहे हे कळत नाही, तसेच येथेही आहे.

क्रिया पाहण्यासाठी दोन निराळ्या पद्धती आहेत. पेट स्कॅनमध्ये अल्प किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. ते ग्लुकोजसारखे असेल तर मेंदूचा कोणता भाग अधिक इंधन घेतो हे कळते, आणि विशिष्ट ग्राहींना चिकटणारे असेल तर त्या ग्राहींची स्थिती कळते. फंक्शनल एमआरआयचा पाया जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली घातला. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला की तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते आणि चुंबकीय संकेतात काही टक्क्यांचाच फरक पडतो. हा फरक काही सेकंद उशिराने दिसतो. म्हणजे हे यंत्र विचार पाहत नाही. ते विचारामागून धावणाऱ्या रक्ताची चाहूल घेते. चित्रातील तीन मिलीमीटरच्या एका ठिपक्यात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

गटातील फरक आणि एका रुग्णाचे निदान

मनोविकारात मेंदूच्या रचनेत काही फरक असतो काय, या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर १९७६ साली मिळाले. इंग्लंडमधील ईव्ह जॉनस्टोन, टिमोथी क्रो व सहकाऱ्यांनी छिन्नमनस्कतेच्या, अर्थात स्किझोफ्रेनियाच्या, १७ जुनाट रुग्णांचे सीटी स्कॅन केले व ८ निरोगी व्यक्तींशी त्यांची तुलना केली. रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या सरासरीने मोठ्या आढळल्या. हा विकार आईवडिलांच्या वागण्यातून उपजतो असे मानणाऱ्या त्या काळी या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. कित्येक मातांच्या माथ्यावरचा दोष त्यामुळे उतरू लागला, हे या शास्त्राचे मोठे ऋण होय.

पुढील चाळीस वर्षांत हजारो रुग्णांचे चित्रण झाले. २०१६ साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने छिन्नमनस्कतेच्या २०२८ रुग्णांची २५४० निरोगी व्यक्तींशी तुलना प्रसिद्ध केली. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत सरासरीने लहान होता आणि पोकळ्या मोठ्या होत्या. त्याच वर्षी नैराश्याच्या १७२८ रुग्णांची ७१९९ निरोगी व्यक्तींशी तुलना झाली. तेथेही हिप्पोकॅम्पस लहान आढळला, पण फरक फारच अल्प होता.

हा अल्प फरक किती अल्प, हे साध्या हिशेबाने सांगतो. नैराश्याचा एक रुग्ण व एक निरोगी मनुष्य कोठूनही निवडावा आणि दोघांतील कोणाचा हिप्पोकॅम्पस लहान, हे पाहावे. असे शंभर वेळा केले तर सुमारे ५४ वेळा रुग्णाचा लहान निघेल आणि ४६ वेळा निरोगी माणसाचा. नाणे उडविले तरी ५० वेळा छापा पडतोच! छिन्नमनस्कतेत हाच आकडा सुमारे ६३ पर्यंत जातो. संशोधनासाठी हा फरक मोलाचा आहे. समोर बसलेल्या एका रुग्णाच्या निदानासाठी मात्र तो निरुपयोगी आहे. पुण्याच्या लोकांची सरासरी उंची अमुक आहे एवढ्यावरून दारात उभा असलेला मनुष्य पुणेकर आहे की नाही, हे कोण सांगेल?

म्हणूनच २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी वर्गीकरणात छिन्नमनस्कता, नैराश्य वा मंत्रचळ यांच्या निकषांत मेंदूच्या चित्राला स्थान मिळाले नाही. २०१८ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटानेही उपलब्ध संशोधन तपासून, या विकारांच्या निदानासाठी वा उपचाराच्या निवडीसाठी व्यवहारात वापरावे असे कोणतेही चित्र हाती आलेले नाही, असाच निर्वाळा दिला. स्मृतिभ्रंशाच्या विकारांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पेट व एमआरआय यांचा निदानास खरा उपयोग होतो.

तेव्हा "एमआरआय नॉर्मल आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच की गाठ, रक्तस्राव, सूज, कृमिकोष, पूर्वीचा आघात यांसारखे काही दिसले नाही. "मनोविकार नाही" असा त्याचा अर्थ होत नाही, आणि "सोंग आहे" असा तर मुळीच होत नाही.

रंगीत चित्रामागील गणित

वृत्तपत्रांत मेंदूचे लाल-पिवळे चमकणारे चित्र छापून येते आणि नैराश्याचे स्थान सापडल्याची बातमी त्याखाली असते. हे रंग मेंदूत नसतात. लाखभर ठिपक्यांची संख्याशास्त्रीय तुलना करून ज्या ठिपक्यांत फरक ठरावीक मर्यादेच्या वर गेला, त्यांना संगणक रंग देतो. मर्यादा कोठे ठेवावयाची, हे माणूस ठरवितो.

या गणितात किती सावधगिरी हवी हे दाखविण्यासाठी २००९ साली अमेरिकेतील क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी एक मासलेवाईक प्रयोग मांडला. त्यांनी एक मेलेला सालमन मासा फंक्शनल एमआरआय यंत्रात ठेवला व त्याला माणसांची भावदर्शक छायाचित्रे 'दाखविली'. अनेक तुलनांसाठी करावयाची दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा मृत माशाच्या मेंदूतही काही ठिपके 'कार्यरत' दिसले! दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. विनोद बाजूला ठेवला तरी धडा गंभीर आहे.

२०१६ साली स्वीडनचे अँडर्स एकलुंड व सहकाऱ्यांनी प्रचलित संगणक-प्रणालींची कसोटी घेतली. जेथे खोट्या निष्कर्षांचे प्रमाण ५ टक्के असावयास हवे, तेथे काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. २०२० साली एकच माहितीसंच ७० संशोधकगटांना देऊन तेच नऊ प्रश्न विचारले गेले. कोणत्याही दोन गटांनी तंतोतंत सारखी पद्धत वापरली नाही आणि कित्येक प्रश्नांवर उत्तरे भिन्न आली. २०२२ साली सुमारे ५०,००० व्यक्तींच्या माहितीवरून असे दिसून आले की मेंदूची रचना वा क्रिया आणि माणसाची बुद्धी वा मानसिक लक्षणे यांचा संबंध विश्वासार्हपणे शोधण्यासाठी हजारो व्यक्ती लागतात. वीस-पंचवीस व्यक्तींवरचे पूर्वीचे पुष्कळ निष्कर्ष पुन्हा का मिळाले नाहीत, याचे कारण यात आहे.

या त्रुटी कोणी परक्याने चव्हाट्यावर मांडल्या नाहीत. त्या शास्त्राच्या अभ्यासकांनीच शोधल्या व छापल्या. आपल्या क्षेत्रात असे आत्मपरीक्षण आपण किती वेळा केले, हा प्रश्न आम्हांस हे वाचताना वारंवार पडला.

रोगाचा परिणाम की औषधाचा?

वैद्यवर्गात एक निष्कर्ष मोठ्या हिरीरीने सांगितला जातो : मनोविकाराच्या आधुनिक गोळ्यांनी मेंदू आक्रसतो. याचा आधार काय, हे नीट पाहू. २०११ साली अमेरिकेतील हो, अ‍ॅन्ड्रियासन व सहकाऱ्यांनी छिन्नमनस्कतेच्या २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षे वारंवार एमआरआय केले. ज्यांना या औषधांच्या मात्रा अधिक मिळाल्या, त्यांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान अधिक घटलेले आढळले. त्यापूर्वी २००५ साली माकडांना दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल वा ओलॅन्झापिन दिल्यावर त्यांच्या मेंदूचे वजन सुमारे ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले होते.

हे निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पण त्यावरून "गोळ्या बंद करा" असे सांगणे हा प्रज्ञापराधच होय. ज्या रुग्णाचा आजार तीव्र, त्यालाच औषधे अधिक मिळतात. त्यामुळे रोगाचा भाग कोणता व औषधाचा कोणता, हे रुग्णांच्या अभ्यासातून पूर्णतः वेगळे काढता येत नाही. औषध एकाएकी बंद केल्यास विकार उलटण्याचा धोका मात्र निश्चित व मोठा आहे. त्या निष्कर्षातून घ्यावयाचा बोध असा की मात्रा गरजेपुरतीच असावी. हे काम मनोविकारतज्ज्ञाचे आहे. आपण त्यांच्याशी पत्राने वा दूरध्वनीने बोलावे. रुग्णाच्या पाठीमागे निर्णय घेऊ नये.

जेथे चित्रणाने खरी भर घातली

वर सांगितलेल्या मर्यादांवरून हे सर्व संशोधन व्यर्थ गेले, असे कोणी समजू नये. पेट स्कॅनने मेंदूतील डोपामिन या द्रव्याविषयी जे दाखविले, ते चिकित्सेच्या थेट उपयोगाचे ठरले, आणि त्याची एक वाट आपल्या औषधांच्या कपाटातून जाते.

१९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादात व उच्च रक्तदाबात होणारा उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरील आपला अनुभव मांडला आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रिसर्पिन मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन इत्यादींचे साठे रिकामे करते. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतूनच डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे पुढे आले. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल मिळाले.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे द्रव्य पाहता येऊ लागले ते पेटमुळे. १९८८ साली स्टॉकहोमच्या लार्स फार्डे व सहकाऱ्यांनी दाखविले की छिन्नमनस्कतेवरील निरनिराळी औषधे डोपामिनच्या डी-२ ग्राहींचा मोठा हिस्सा व्यापतात. २००० साली टोरोंटोचे शितिज कपूर व सहकाऱ्यांनी २२ नव्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलची अल्प मात्रा देऊन मोजणी केली. सुमारे ६५ टक्के ग्राही व्यापल्यावर गुण येण्याची शक्यता वाढली. सुमारे ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन वाढू लागले आणि सुमारे ७८ टक्क्यांच्या वर कंप, जखडलेपणा इत्यादी दुष्परिणाम दिसू लागले. लाभ आणि हानी यांमधील अंतर किती अरुंद आहे पाहा! पूर्वी दिल्या जाणाऱ्या मोठमोठ्या मात्रा अनावश्यक होत्या, हे या मोजणीने पटवून दिले.

येथे आपल्यासाठी एक अत्यंत व्यावहारिक सूचना आहे. ही औषधे घेणाऱ्या पुरुष रुग्णांत प्रोलॅक्टिन वाढल्याने लैंगिक दौर्बल्य येते. संकोचाने तो हे मनोविकारतज्ज्ञाला सांगत नाही आणि वाजीकरणासाठी आपल्याकडे अथवा थेट औषधांच्या दुकानात येतो. आपण त्याच्या हाती कौंचपाक वा कपिकच्छूचे चूर्ण ठेवतो. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असते व शरीरात त्याचेच डोपामिन बनते. तज्ज्ञ ज्या द्रव्याचा मार्ग रोखू पाहतात, तेच द्रव्य आपण दुसऱ्या दाराने आत सोडतो. शोधनाने त्याचे प्रमाण कमी झाले तरी ते शून्य झाले असे धरू नये. उन्मादाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास कपिकच्छू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच मनोविकाराच्या वा रक्तदाबाच्या आधुनिक गोळ्या चालू असता सर्पगंधेचे कल्प तज्ज्ञांना कळविल्याविना देऊ नयेत. नैराश्याच्या रुग्णात तर ते टाळावेतच.

दुसरा अभ्यास सत्त्वावजय चिकित्सेच्या अंगाने महत्त्वाचा आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी मंत्रचळाच्या रुग्णांचे उपचारापूर्वी व नंतर पेट स्कॅन केले. नऊ रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिले आणि नऊ जणांना केवळ वर्तनोपचार दिले. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतील उजव्या कॉडेट या भागाचा ग्लुकोजचा वापर दोन्ही गटांत कमी झालेला आढळला. अभ्यास लहान होता. तरी "बोलण्याने काय होणार, औषध द्या" असे म्हणणाऱ्या नातलगांना व वैद्यांनाही तो विचार करावयास लावतो. संवादाने व सरावाने मनावर केलेले कार्य देहातही उमटते.

आयुर्वेदाशी सांधा कसा जोडावा?

मेंदूविषयी काही नवे प्रसिद्ध झाले की "हे आमच्या ऋषींनी पूर्वीच सांगितले होते" असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. भेलसंहितेत मनाचे स्थान शिर व तालू यांच्या मधे सांगितले आहे, याचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. पण चरकाचार्यांनी हृदयाला मनाचे अधिष्ठान मानले आहे, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले जाते. संहितांचे मोल अशा योगायोगांत शोधू नये.

दुसरे उदाहरण घेऊ. २०११ साली बंगळूरूच्या निम्हान्समध्ये ॐकाराच्या उच्चारणाचा फंक्शनल एमआरआयने अभ्यास झाला. उच्चारणाच्या वेळी भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला आदी भागांची क्रिया मंदावली आणि तुलनेसाठी केलेल्या 'स्स्स' या ध्वनीच्या वेळी तसे झाले नाही. निष्कर्ष कुतूहल वाढविणारा आहे. पण तो बारा निरोगी व्यक्तींवरील प्राथमिक अभ्यास आहे. त्याने मनोविकार बरा होतो असे सिद्ध झाले नाही व अभ्यासकांनीही तसा दावा केला नाही. मृत माशाचे उदाहरण व हजारोंच्या संख्येची गरज यांचा मापदंड आपण इतरांना लावतो, तर तो आपल्या आवडीच्या निष्कर्षांनाही लावला पाहिजे.

खरा सांधा निराळ्या ठिकाणी आहे. उन्मादाचे वर्णन करताना चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठ ठिकाणचा विभ्रम सांगितला. यातील एकही गोष्ट चित्रात दिसत नाही. प्रत्येक गोष्ट रुग्णाशी बोलून, त्याला न्याहाळून व घरच्यांना विचारून समजते. पूर्वी आवडणारे आता नावडते झाले काय? स्वभाव पालटला काय? वेळकाळाचे भान आहे काय? कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांनी पन्नास वर्षे शोध घेतल्यावरही मनोविकाराचे निदान आज याच मार्गाने होते. आपले शास्त्र श्रेष्ठ ठरले असा याचा अर्थ नाही. आपल्या हाती असलेले परीक्षणाचे साधन आजही टाकाऊ झालेले नाही, एवढाच अर्थ आहे. ते आपण वापरतो काय, हा प्रश्न उरतोच.

चित्रण केव्हा करवून घ्यावे?

निदानासाठी चित्र निरुपयोगी म्हणून ते कधीच करू नये, असे नव्हे. मनोविकारासारखी लक्षणे देणारे मेंदूचे शारीरिक विकार ओळखण्यासाठी ते अनिवार्य ठरते. पुढील प्रसंगी रुग्णास विनाविलंब योग्य रुग्णालयात पाठवावे :

१. पन्नाशीनंतर प्रथमच उन्मादाची लक्षणे दिसणे.
२. सोबत आक्षेप, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, उलट्या वा दृष्टिदोष.
३. एका अंगाची दुर्बलता, वाकडे तोंड, चालण्यात वा बोलण्यात अडखळणे.
४. ज्वर व भ्रम एकत्र असणे, शुद्ध कमी-अधिक होणे.
५. डोक्यास मार लागल्याचा इतिहास. वृद्धांत किरकोळ पडण्यानेही काही आठवड्यांनी मेंदूवरील आवरणाखाली रक्त साचलेले आढळते.
६. काही आठवड्यांत झपाट्याने ढासळणारी स्मृती.

येथेही नॉर्मल चित्राने निश्चिंत होऊ नये. तरुणींमध्ये विशेषतः आढळणारा एक प्रतिकारशक्तिजन्य मेंदूदाह २००७ साली निश्चितपणे वर्णिला गेला. त्याची सुरुवात उन्मादासारखी होते आणि एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो. ज्वर, आक्षेप, तोंडाच्या विचित्र हालचाली, काही दिवसांतच वाढणारा विकार अशी लक्षणे दिसताच थांबू नये.

औषधनिर्मात्यांसाठी

औषधाच्या माहितीपत्रकावर रंगीत मेंदूचे चित्र छापून "मेंदूवर प्रत्यक्ष परिणाम" असे लिहिण्याची प्रथा दिसते. उपचारापूर्वीचे एक व नंतरचे एक अशी दोन चित्रे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात यावे. एकाच निरोगी माणसाची दोन दिवसांची चित्रेही तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय १९५४ च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार, अपस्मार व वेड यांचा समावेश आहे. अशा रोगांवर उपाय म्हणून जनतेत जाहिरात करणे हा गुन्हा होय. कायद्याचा धाक सोडला तरी, अशी जाहिरात वाचून एखाद्या घरी चालू गोळ्या बंद होतात, हे विसरू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसरोग विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत स्थान दिले आहे. त्याच कायद्यानुसार मानसिक आजार राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य वैद्यकीय मानकांनुसार ठरवावयाचा आहे. मिळालेला मान टिकवावयाचा तर दाव्यांत संयम हवा.

उपसंहार

तो मुलगा पुन्हा उपचारांवर आला. आता मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही आहार, निद्रा, मलशुद्धी यांकडे पाहतो आणि जे औषध देतो ते त्याच्या कागदावर लिहून देतो, म्हणजे तज्ज्ञांनाही ते दिसते. तो वडिलांबरोबर शेतावर जाऊ लागला आहे. पुन्हा चित्रण केलेले नाही, कारण त्याची गरज पडली नाही.

असा लिफाफा घेऊन कोणी आले की आम्ही आता फिल्म नंतर पाहतो. आधी रुग्णाशी बोलतो. मग घरच्यांना बसवून सांगतो, "अहवालात गाठ नाही, रक्तस्राव नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हा आजार या मशीनला दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो खोटा नाही आणि पोरगा सोंगही करीत नाही. गोळ्या चालू ठेवा. काही त्रास होत असेल तर आधी मला किंवा त्या डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका."

हे सांगावयास दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी ती दोन मिनिटे आम्ही दिली नाहीत. वैद्यबंधूंनी ती द्यावीत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. इत्यलम्.